न आलेला डबा

चौऱ्याहत्तर साली बॅलार्ड पिअरला
जपानहून सिनेमाचे अकरा डबे उतरले.
बारावा, आवाजाचा, आलाच नाही.
चंदीरामाणी शेठनी पावती उलटसुलट करून पाहिली
आणि बाबांना निरोप धाडला,
चुरी, जानवर गूंगा आया है. उसको गला दो.

जनावर म्हणजे खेकडा.
रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा,
आमच्या केळव्याच्या खडकांत अंगठ्याएवढा सापडतो, तो.
इथे डोंगराएवढा. शंख अपुरा पडलेला,
मऊ पाठ उघडी घेऊन बंदरात शिरलेला.
आत रबराच्या कातड्यात एक माणूस,
त्याला बाबा कायम 'तो बिचारा' म्हणत.
आधी तो देवळाचं छप्पर पाठीवर घालून बघतो.
मग एक गोदाम.
मग दीपगृह. ते जरा बसतं.
दिवा विझत नाही,
तो चालेल तसा उजेड गावावरून झोकांड्या खात फिरतो.

ताडदेवचा स्टुडिओ, मे महिना, पंखा बंद,
कारण पंखा टेपवर येतो.
बाबांनी रॉकेलच्या पिंपाला भोक पाडलं,
काथ्याचा दोर ओवला, राळ चोळली,
ओढला.
तळहात सोलले. आईने हळद भरली.
शेठ म्हणाले, और गुस्सा.
दुसऱ्या दिवशी पिंपात डोकं घालून बाबा स्वतःच ओरडले.

ती डरकाळी तीन आठवडे चालली, गिरगाव ते कुर्ला.
शाळेत मी खेकड्याची मुलगी.
एका बारशाला लोकांनी फारच गळ घातली, तेव्हा
त्यांनी ती फोडून दाखवली.
पाळण्यातलं पोर हसलं.
बाबा दोन दिवस त्याचाच विचार करत होते.

परवा रविवारी, फोर्टमधल्या एका लहान सभागृहात
तोच सिनेमा, धुऊन-पुसून, मूळ आवाजासकट.
एकोणीस माणसं. बाबा एक्क्याऐंशीचे.
कानातलं यंत्र दोनदा काढून फुंकलं.
खेकडा बंदरात आला.
डरकाळीच्या जागी मी त्यांचा हात धरला.

डरकाळी नाही.

त्याने नांगी उचलली, पहिल्या घराच्या भिंतीला लावली.
टक. टक टक.
थांबला. वाट पाहिली.
पुढचं घर.
टक. टक टक.
भिंत पडली ती नंतर,
आणि पडली तेव्हा दचकून मागे सरला तोच.

बाबा पडद्याकडे बघत नव्हते,
डोळे मिटून बसले होते.
टॅक्सीत चौपाटी गेली, हाजी अली गेली, एक शब्द नाही.
प्रभादेवीच्या सिग्नलला म्हणाले,
"विचारत होता गं तो. आत कोणी आहे का, म्हणून.
आणि आम्ही त्याच्या तोंडात पिंप कोंबलं."

रात्री दीडला स्वयंपाकघरात दिवा.
ओट्यावर करवंटी, सुपारी, अडकित्ता,
लाटणं, आईची शिवणाची फिरकी.
"करवंटी पोकळ बोलते," म्हणाले,
"ह्याला अंग आहे. आकसलेलं."
करवंटीत ओलं फडकं कोंबलं.
भिंतीवर वाजवली. नाही.
फ्रिजवर. छे.
जिन्याच्या कठड्यावर, लुंगी सावरत. नाहीच.
मी मागे उभी, फोनचं रेकॉर्डिंग लावून, जांभया देत.
मग आमच्याच दाराच्या सागवानी चौकटीवर,
अगदी हलक्या हाताने,
टक.
टक टक.
थांबले.

समोर डिमेलोबाईंची कडी सरकली,
साखळीपुरती फट,
झोपेतला आवाज,
"कोण? कोण पाहिजे?"

बाबा माझ्याकडे वळले,
ओठांवर बोट,
म्हणजे, बंद करू नकोस.